बाही

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥
सिरसाळा, ५ ऑगस्ट २०२५

चि. शिवानीस अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र बघून घाबरू नको. फोनवर बोलायचं म्हणलं की तुझा भाऊ रुद्रेश शेजारी येऊन बसतो, अन् हे त्याच्यासमोर बोलवत न्हाई, म्हणून तो घरी झोपलाय तवर दुकानात बसून लिहायलो.

काल श्रावणी सोमवारचं परळीला गेलतो. दर्शनाच्या रांगेतच रुद्रेशला पुन्हा फिट आली. गोळ्या बदलून झाल्या, पथ्य झालं. आता मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, फिट मेंदूत नेमकी कुठून सुटते ते बघायला डोक्यात बारीक तारा घालाव्या लागतील. जागा सापडली तर पुढं ऑपरेशन. तुझी आई तवापासून नीट जेवली न्हाई.

तू हेच करतीस न्हवं? धान्याच्या दुकानात आमचा जन्म गेला उंदरं हाकलण्यात, अन् आमची लेक पुण्यात त्यांना दाणे चारून त्यांच्या डोक्यात तारा घालती. बाजारात लोक हसतात, मीबी हसतो. पण आता खरं विचारतो. तार घातल्यावर उंदीर आधीसारखाच राहतो का? तुला वळखतो का? माझी समजूत काढू नको. तू हो म्हणलीस तर हो, न्हाई तर न्हाई. रुद्रेशला काही सांगितलं न्हाई, त्याला कशाला घोर.

जेवणाची आबाळ करू नको. आमच्यावरचा जीव हाय तसाच राहू दे.
तुझे अप्पा, सोमलिंग


पुणे, १२ ऑगस्ट

ती. अप्पांस शिवानीचा शि. सा. न. वि. वि. पत्र प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. खरं तेच लिहिते.

आमची तार म्हणजे सिलिकॉनची केसासारखी बारीक पट्टी. तिच्यावर कितीतरी ठिपके असतात. प्रत्येक ठिपका मेंदूतल्या आसपासच्या पेशींची कुजबुज टिपतो. उंदराला भूल देऊनच ती बसवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, वरची जखम दुखते, तिला औषध देतो. माझा एक उंदीर आहे, पैलवान. हात पुढे केला की बाहीत शिरायची त्याची खोड. तार बसवल्यावर काही दिवस कोपऱ्यात पडून होता. मग एका सकाळी डोक्यावर तारेसाठी बसवलेलं टोपण सांभाळत सरळ माझ्या बाहीत शिरला. मी रडले, अप्पा.

पण दुसरा एक शुद्धीवर आलाच नाही. आत रक्तस्राव झाला. माणसांच्या तारा वेगळ्या, डॉक्टर वेगळे, धोका बराच कमी. पण नाहीच असं नाही. उंदरांवरून मी रुद्रेशसाठी हो किंवा नाही म्हणू शकत नाही.

आणि मला राग आलाय. उंदराला विचारता येत नाही, म्हणून त्याचं आम्ही ठरवतो, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. रुद्रेश तेवीस वर्षांचा आहे. तुमच्या शेजारी बसून गहू जोखतो. आणि त्याला चुकवून तुम्ही मला विचारता? हे पत्र त्याच्या हातात द्या.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची शिवानी


सिरसाळा, १९ ऑगस्ट

ताईस रुद्रेशचा शरणार्थ. वि. वि. अप्पांनी तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं अन् उगंच तराजू पुसत बसले. मला समदं ठाऊक होतं. डॉक्टर त्यांना बाहेर घेऊन गेलते तवाच वळखलं. तुमी मला चुकवायलात अन् मी तुमाला.

फिटीची भीती न्हाई मला. ती येते तवा मी तिथं नसतोच. भीती वाटते ती डोळे उघडल्यावर, समद्यांची तोंडं बघून. मोटारसायकल न्हाई, दोस्तांसंगं माजलगावच्या धरणावर जाणं न्हाई. आईनं न्हाणीची कडीसुद्धा काढून टाकली. मला कडी लावून आंघोळ करायची हाय, ताई. तेवढ्यासाठी मी तारा घालून घेतो. तसं अप्पांना सांगितलं. आई लई रडली, मग धपाटे केले अन् स्वतःबी खाल्ले.

त्या दुसऱ्या उंदराचं लिहिलंस ते बरं केलंस. ते लपवलं असतंस तर पैलवानाचंबी खरं वाटलं नसतं. अप्पांनी दुकानातला पिंजरा माळ्यावर टाकलाय. उंदरं माजलीत.

एक काम कर. मी शुद्धीवर येईन तवा लांब बाहीचा ड्रेस घालून खाटेपाशी बस. बोलता आलं न्हाई तरी बाही धरीन. धरली की बाहेर जाऊन आई-अप्पांना सांग, मीच हाय.

तवर भांडत राहा, विसरू नको.
तुझा रुद्रेश