मी न दिलेला राजीनामा

मंगळवार, ४ मार्च

माझा राजीनामा मंजूर झाला. मी दिलेलाच नाही!

सकाळी टेबलाशी बसते न बसते तोच आप्पासाहेबांनी आत बोलावलं. चाळीस वर्षं बेदाण्याचा व्यापार केलेला मालकमाणूस, रागावला की आवाज चढत नाही, खाली जातो. आज तर पार तळाला गेला होता. 'तोंडावर सांगायचं हुतंस, पोरी. मेल कशाला?'

समोर छापील कागद. 'वैयक्तिक कारणास्तव मी आपल्या फर्मच्या सेवेतून मुक्त होऊ इच्छिते.' खाली माझं नाव, संयोगिता, वर माझाच मेलचा पत्ता. काल सकाळी ११.४० ला आलेला. मी म्हटलं, हा मी पाठवला नाही. तर म्हणतात, 'मग तुझ्या पत्त्यावरनं कोन पाठवतंय? भूत?'

त्यांचा विश्वास बसला, कारण गेल्या महिन्यात मीच भांडले होते. अकरा वर्षं एक्स्पोर्टचं सगळं मी बघते, आणि कार्डावर अजून 'क्लार्क'! 'मॅनेजर करा, नाहीतर मी चालले,' असं रागात म्हणून बसले. तेच भोवलं. सतरा तारखेला त्यांची आणि दोघा भावांची बैठक आहे, एक्स्पोर्टचा मॅनेजर कोण ते तिथे ठरणार. आता मी महिनाअखेरपर्यंत काम करून निघायचं, तिथे माझं नावच नाही. त्यांचा पुतण्या जयराजचं आहे.

फर्ममध्ये आल्या दिवशी मी हिरव्या बेदाण्याच्या दोनशे पेट्यांवर पिवळ्याची लेबलं लावली होती. दुसरा कुणी असता तर हाकललं असतं. आप्पासाहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'आता जन्मात चुकनार न्हाईस.' त्याच माणसाने आज माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन रडले. इथे कोण बघतंय!


बुधवार, ५ मार्च

पासवर्ड तीनदा बदलला. पाठवलेल्या मेलमध्ये तो राजीनामा नाहीच. म्हणजे माझ्या खात्यात कुणी शिरलंच नाही. मग गेला कुठून?


गुरुवार, ६ मार्च

सापडलं! निदान मला वाटलं, सापडलं.

सोमवार-गुरुवार आमच्याकडे सौदा, बेदाण्याचा लिलाव. सौद्याआधी सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली आप्पासाहेबांच्या बंडीच्या खिशात. मागे कुणीतरी आतून बाहेर भाव सांगत होतं, तेव्हापासूनचा नियम. मी सुद्धा सुटत नाही, जयराज सुद्धा नाही. आज फोन टाकता टाकता डोक्यात लख्ख प्रकाश पडला – सोमवारी ११.४० ला सौदा चालू होता! माझा फोन पेटीत, मी शेडमध्ये, शंभर माणसांसमोर वजनं लिहून घेत होते. आप्पासाहेबांच्याच नियमाने मी सुटले!

धावत जाऊन सांगितलं. ते विचारात पडले. तेवढ्यात जयराज दारातून म्हणाला, 'ताई, मेलला टाइम लावून ठेवता येतो की. आज लिहायचा, उद्या जातो.' किती गोड आवाजात! पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आलाय ना, त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आप्पासाहेबांनी परत मान खाली घातली.

सोमवारी हा जयराज सौद्याला नव्हता. 'गाडी सर्व्हिसिंगला' गेली होती म्हणे.


शनिवार, ८ मार्च

महिला दिन. ऑफिसात सगळ्या बायकांना गुलाब वाटले. वाटले कुणी? जयराजने! 'ताई, तुमची आठवण येईल.' गुलाब घेतला आणि त्याच्यासमोर चहाच्या कपात उभा केला. शेजारच्या टेबलावरची माया हसून हसून लोळायची बाकी होती.


रविवार, ९ मार्च

कडेगावला वडिलांकडे. आबांना सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षं फौजेत सिग्नल्सला, वायरलेसवर निरोप घेण्या-देण्यात काढली त्यांनी, सुभेदार होऊन आले. मेल म्हणजे काय ते त्यांना धड माहीत नाही, पण ऐकता ऐकता ताठ बसले.

'निरोप कुनाच्या नावानं आला त्ये इचारू नगंस. नाव कुनीबी घेतंय. निघाला कुठल्या सेटवरनं, त्ये आदी बघ. आमी तर कर्नलसाब म्हनून आवाज आला तरी पयला सवाल टाकायचो. जवाब बराबर, तरच हुकूम बराबर.'

'आणि जवाब चुकला तर?'

'तर समजायचं, दुश्मन बोलतोय. तू रडत काय बसलीस? कागद बघत बसलासा सगळी! मूळ निरोप बघितला का कुनी?'

खरंच की! सगळ्यांनी छापील कागद बघितला. पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहू शकतं, खरं काय ते पोस्टाचा शिक्का सांगतो. शिक्का त्या कागदावर नव्हताच, तो मूळ मेलमध्ये. रात्रीची एसटी सोडून संध्याकाळचीच धरली. आबांनी सुपारी कातरता कातरता 'शाबास' म्हटलं, अजून काही केलेलं नसताना!


सोमवार, १० मार्च

आप्पासाहेब स्वतः मेल उघडत नाहीत. रोज सकाळी माया त्यांचे मेल उघडते, मोठ्याने वाचते, ते सांगतात तसं उत्तर टाइप करते. तर आज मायाशेजारी खुर्ची ओढून बसले. तो मेल उघडला, 'मूळ मजकूर बघा' वर टिचकी मारली. गिचमिड इंग्रजीचं अख्खं पान! दीड तास एकेक ओळ शोधून शोधून वाचली, अडेल तिथे गुगलला विचारलं.

एक – मेल आमच्या फर्मच्या यंत्रावरून निघालाच नाही. परदेशातल्या कुठल्यातरी फुकट्या साइटवरून निघालाय. तपासणीपुढे स्पष्ट लिहिलंय, 'फेल'. आमच्याकडे फेल झालेल्याला दारात अडवायची सोयच कुणी केली नव्हती, म्हणून तो आत आला.

दोन – आणि हे मी परत परत वाचलं. त्या मेलला उत्तर दिलं, तर ते माझ्याकडे येतच नाही! जातं दुसऱ्याच पत्त्यावर.

माया म्हणाली, 'आगं, म्हणून तर! साहेबांनी लगेच "मंजूर" कळवलं हुतं. आनि तुझं उत्तर बी आलं की.' काढून दाखवलं. 'आपले उपकार आजन्म विसरणार नाही.' मी! उपकार! अकरा वर्षांत आप्पासाहेबांना मी साधं 'थँक्यू' लिहिलेलं नाही, आणि इथे आजन्म!


मंगळवार, ११ मार्च

त्या दुसऱ्या पत्त्यावर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. म्हणे, शेवटी ४७ असलेल्या मोबाइलवर कोड पाठवू का? पाठव म्हटलं नाही. बंद केलं. जयराजच्या गाडीचा नंबर ४७४७, फोनचा शेवटही ४७. पण ४७ वाले जिल्ह्यात हजार असतील. थांबायचं. सतरा तारखेपर्यंत तोंड शिवायचं.


गुरुवार, १३ मार्च

होळी. गल्लीतल्या पोरांबरोबर मी पण बोंब मारली. कुणाच्या नावाने ते मला आणि होळीलाच माहीत.


सोमवार, १७ मार्च

आज पानं पुरायची नाहीत.

बैठकीत शिरले. आप्पासाहेब, त्यांचे दोघे भाऊ – त्यातला मधला जयराजचा बाप – आणि जयराज. म्हटलं, पाच मिनिटं द्या, मग मी आपणहून जाते. फक्त सौद्याला टाकतो तसे सगळे फोन पेटीत टाका. जयराज म्हणाला, 'कशाला?' आप्पासाहेब म्हणाले, 'टाक की रं. नियम मोडतोय का कुनी?' फोन पडले, कुलूप लागलं, किल्ली बंडीत गेली.

मायाने कॉम्प्युटर भिंतीवरच्या टीव्हीला जोडला, आप्पासाहेबांचा मेल उघडून ठेवला. मी माझ्या लॅपटॉपवर काय केलं ते इथे लिहीत नाही, उगाच ही वही कुणाच्या हाती लागायची. दोन मिनिटांत टीव्हीवर नवा मेल. पाठवणारे – आप्पासाहेब स्वतः! मायाने नेहमीसारखा मोठ्याने वाचला –

'आता माझे वय झाले. आजपासून मी धंद्यातून निवृत्त होत आहे. सर्व फर्म संयोगिताच्या नावे करीत आहे. भावांनी हरकत घेऊ नये.'

धाकट्या भावाच्या तोंडातला चहा बाहेर! मधला उठून उभा राहिला, 'दादा, ह्ये काय?' आणि आप्पासाहेब टीव्हीकडे बघतायत, मग स्वतःच्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघतायत. 'मी ह्यो कवा पाठवला?'

'आत्ता पाठवलात आप्पासाहेब. पत्ता तुमचाच आहे बघा. पण फोन पेटीत आणि किल्ली तुमच्या खिशात. मग पाठवला कुणी, भूत?'

मग धाकटे भाऊ फिसकन हसले, आणि आप्पासाहेबसुद्धा. हसता हसता एकदम थांबले. 'म्हंजे तुझा बी...'

जयराज म्हणाला, 'म्हणजे हिलाच येतंय की हे! हिनंच केला असंल.' मला हेच पाहिजे होतं! म्हटलं, बरोबर, येतं मला. मग माझ्या नावाचं उत्तर ज्या पत्त्यावर गेलं, तो कुणाचा तेवढं बघू. टीव्हीवर तो पत्ता टाकला. खाली आलं – शेवटी ४७ असलेल्या मोबाइलवर कोड पाठवू का? माऊस आप्पासाहेबांच्या हातात दिला. 'तुमच्या हाताने दाबा.'

त्यांना टिचकी मारायची सवय नाही, अख्खा पंजा दाबला.

एक सेकंद. दोन. तीन. आणि पेटीत घर्रर्र! पत्र्यात फोन थरथरला की आवाज तरी केवढा! आप्पासाहेबांनी सावकाश कुलूप काढलं. सहा फोनांपैकी एकच पेटला होता. वर कोडचा मेसेज. त्यांनी तो फोन उचलून जयराजच्या बापाच्या हातात ठेवला. जयराजच्या हातात नाही दिला.

कुणी ओरडलं नाही. जयराज खाली बघत म्हणाला, 'ती हाय तवर मला इथं कोन इचारनार?' खरं सांगू? त्या क्षणी त्याचा रागसुद्धा आला नाही. मी जिंकले होते! माझं नाव मला परत मिळालं होतं! बाहेर येऊन मायाला अशी मिठी मारली की तिचा चष्मा पडला. आबांना फोन केला, नुसतं म्हटलं, 'जवाब चुकला त्याचा.' पलीकडून सुभेदारांनी असा 'जय हिंद' ठोकला की शेजारचे धावत आले असतील.


बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. मी मॅनेजर! आप्पासाहेबांनी कार्ड छापायला टाकलं.

आमच्या नावाने मेल कुठली यंत्रं पाठवू शकतात त्याची यादी इंटरनेटवर लावून टाकली. दुसरीकडून आला की दारातूनच माघारी. तपासायला परत आप्पासाहेबांच्या नावाने राजीनामा पाठवून बघितला – आलाच नाही! दोनदा नाचले.

आणि आबांचा नियम फर्मला लावला. महत्त्वाचा मेल आला की फोन करायचा आणि फक्त त्या माणसालाच ठाऊक असेल असा सवाल टाकायचा. आप्पासाहेबांना हे इतकं आवडलंय की कालपासून चहा आणणाऱ्यालाही सवाल टाकतात.


सोमवार, २४ मार्च

पेटीची गोष्ट अख्ख्या मार्केटात झालीय. आज सांगलीच्या दोन व्यापाऱ्यांचे फोन, माधवनगरच्या एका सूतवाल्याचा. 'आमच्या नावानं बी खोटे मेल जात्यात, येता का बघायला?' शनिवारपासून सात झाले. माधवनगरचं तिथेच बसून तासाभरात लावून दिलं. म्हातारे मालक दारापर्यंत सोडायला आले.

परत येताना रस्त्यावर ऑफिसला चालेल अशी एक खोली भाड्याने आहे असं दिसलं. बघितली. नुसती बघितली.


गुरुवार, २७ मार्च

आप्पासाहेबांनी बाजूला घेतलं. 'जयराजला कोल्ड स्टोरेजला धाडलंय. घरचा हाय, काय करू सांग? पुढल्या दिवाळीला हितंच घ्यावा लागंल. तू मोठ्या मनानं...' मी मान हलवली. मोठं मन मीच करायचं, कारण मी घरची नाही. त्यांच्यावर राग नाही. तरी ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

संध्याकाळी त्या खोलीवाल्याला फोन केला.


रविवार, ३० मार्च. पाडवा.

गुढी उभारली. आबा कडेगावहून आलेत, खोलीच्या किल्लीला हळदकुंकू लावलं त्यांनी. साडेदहाला मेल पाठवला. पावणेअकराला फोन.

'संयोगिता, तुझ्या नावानं परत राजीनामा आलाय बघ. मायानं घरनं वाचून दाखवला. खोटाच आसनार, मला ठावं हाय. पर नियम म्हंजे नियम, इचारावं लागतंय.' आवाज खाली गेला होता. 'आल्या दिवशी काय चूक केली हुतीस?'

'हिरव्या मालाला पिवळ्याची लेबलं लावली होती, आप्पासाहेब.'

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

'मग तूच हायस.'

'व्हय,' म्हटलं. 'मीच.'