दारातून बाहेर पडणारा रंग

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कॉम्प्युटरपुढे बसून पाठ धरली आहे, खरा घातला तर उठता येणार नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला? इकडे ताईकडे सगळं ठीक. फक्त टीव्हीला दिवसभर माझा कॉम्प्युटर जोडलेला असतो, त्यामुळे भावजींना बातम्या दिसत नाहीत आणि ते माझ्याशी बोलत नाहीत.

कॉलेज का सोडलं हे दादांनी तुला त्यांच्या पद्धतीने सांगितलंच असेल. सर म्हणाले, हे यंत्र गणितं करायला असतं, पोरांची चित्रं काढायला नाही. मी म्हणालो, मग करा तुम्हीच गणितं, आणि दार आपटून निघालो. (छत्री आतच राहिली. आता कुठल्या तोंडाने मागू?) तर तो चित्रांचा प्रोग्रॅम मी भाचीसाठी केलाच. बाणांची बटणं दाबली की रेघ उमटते, मोठं बटण दाबलं की आत रंग भरतो. पण भाची घराला दार म्हणून फट ठेवते आणि रंग त्या फटीतून बाहेर! मी ओरडलो, "अगं, बुजव ती!" तर म्हणते, "मग त्याने बाहेर कुठून जायचं? कोंडून ठेवायचं त्याला?"

तेवढ्यात तिच्या बालवाडीच्या बाई तिचा विसरलेला डबा द्यायला आल्या. (त्यांच्याबद्दल नंतर लिहितो. नाही, आत्ताच: त्यांच्या बोटांना खडूची पूड असते आणि त्या हसल्या की मला बटणं दिसेनाशी होतात.) रंग दारातून निघाला, डावीकडे वळला, झाडाला वळसा घालून रेंगाळला. डावीकडेच का, ते मलाही कळेना. "आता कुठे जाईल हो?" बाईंनी विचारलं. "दुकानात," भाची म्हणाली. आम्ही तिघं टीव्हीच्या काचेला नाक लावून बघत बसलो. जाताना बाई म्हणाल्या, शनिवारी सगळ्या पोरांना घेऊन येते.

आता बाईंपुढे असला गळका प्रोग्रॅम ठेवायचा? आठवडाभर खपून मी तो सुधारला. फट दिसली की यंत्र 'बीप' करून रंग द्यायला नकार देणार! शनिवारी अकरा पोरं आली. अकरा घरं, अकरा दारं, अकरा बीप. पाच मिनिटांत नऊजण ताईच्या पलंगावर उड्या मारत होते, दोघं रडत होते. "तो भटका रंग कुठे गेला?" बाईंनी विचारलं. माझं डोकं फिरलं. "अहो, ती चूक होती!" "हो का? मग आम्ही चूक बघायला आलो होतो." चपला घालता घालता म्हणाल्या, "तो परत आला तर कळवा. आम्हीही येऊ."

तेव्हापासून तीच चूक पुन्हा करायला बसलो आहे. नव्या चुका पुष्कळ होतात, ती एक होत नाही. काल तर रंगाने घरच पुसून टाकलं.

तब्येतीला जप.

तुझा,
तापट भाचा

ता. क. मागे मी मोठ्या तोऱ्यात तुला 'माझं काम' म्हणून एक कॅसेट पाठवली होती. (तिच्यात गाणी नव्हती, हाच गळका प्रोग्रॅम होता; माझं यंत्र प्रोग्रॅम कॅसेटवरच साठवतं.) टेपवर लावल्यावर मांजर किंचाळल्यासारखं झालं म्हणून तू ती कपाटात टाकलीस. ती चूक आता जगात त्या एकाच कॅसेटवर आहे. माझ्याकडच्या कॅसेटवर मी सुधारलेला प्रोग्रॅम भरून बसलो. हातातलं काम टाकून ती पाठव. काकांनी तिच्यावर काही रेकॉर्ड तर केलं नाही ना?

ता. क. २. मी प्रेमात वगैरे पडलेलो नाही. कॅसेट शनिवारच्या आत हवी.

ता. क. ३. भाची विचारते आहे, आत्याआजीच्या कपाटाला फट आहे का? असेल तर तो आपणहून येईल म्हणते. तू मात्र पोस्टानेच पाठव.