लूलूचं आवतण

१७ ऑगस्ट
अर्बाब, म्हणजे सतीशचे मालक, कुटुंबासह सलालाला गेले. तिकडे पाऊस; इथे अझैबात उन्हाने भिंतीला हात लावता येत नाही. जाताना सतीशला म्हणाले, शाळा सुरू व्हायच्या आत येतो, मुलींचा जीव आहे कॅपिबारांत. सतीश त्यांचे हिशेब बघतो. आता त्यांचे दोन कॅपिबाराही. लूलू आणि मरजान. आम्ही त्यांच्याच बंगल्यामागच्या खोल्यांत राहतो. नोकरी, व्हिसा, छप्पर, सगळं एका माणसाच्या हातात.

१८ ऑगस्ट
डुकराएवढे उंदीर. पुढचे दात माझ्या बोटाएवढे. घाण पाण्यातच करतात, त्यामुळे हौदाचं पाणी रोज बदलायचं, वर बर्फ. आमची सई जाळीतून हात घालते. दोनदा तिच्यावर ओरडले.

२० ऑगस्ट
मरजान पाण्याखाली गेली ती वर येईना. काठावर हाका मारत होते. अखेर नाकपुड्या दिसल्या, तशी मला हसू आलं. सतीश हसला नाही. "यांना काही झालं तर..."

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. सासूबाई, सतीशच्या आई, जालन्याहून आल्यात, व्हिजिट व्हिसावर. घरचे बैल केव्हाच विकले. आज त्यांनी हळद-लोणी घेऊन लूलूची मान चोळली. ती डोळे मिटून उभी.
"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," आई तिच्या कानात म्हणाल्या.
सई : "आजी, ते बुल नाहीये. रोडेंट आहे."
"असू दे. मुकं आहे ना?"

२२ ऑगस्ट
औक्षण, पुरणपोळी. मरजानने हुंगून तोंड फिरवलं. लूलू खातच राहिली. मीही हसले. फोटो काढला.

२३ ऑगस्ट
लूलू गवताला तोंड लावत नाही. पोट टम्म. दात करकर वाजवते. मरजान तिच्याभोवती फिरत शिट्टीसारखं ओरडते, थांबतच नाही.
शोधून वाचलं. यांना गवतच लागतं. गोड सोसत नाही. फोटो पुसला.
सतीश म्हणतो, अर्बाबला न विचारता बाहेरचा डॉक्टर आणायचा नाही. विचारायचं धैर्यही नाही.

२४ ऑगस्ट
सतीशने फोन केला. म्हणाला, ऊन लागलं. मी शेजारीच उभी होते.
अर्बाब शांतपणे म्हणाले, उद्या डॉक्टर घेऊन येतो. त्या शांतपणाचीच भीती.
आई : "उन्हाचं सांगितलंस तर तो उन्हाचंच औषध देईल."
"आई, तू जाशील परत. आम्हाला इथे राहायचंय."
"आवतण मी दिलं होतं. मीच सांगते त्यांना."
"कुठल्या भाषेत?"
आईंनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजी मलाही येतं.

२५ ऑगस्ट
लूलू आडवी. श्वास चालू आहे. मानेची हळद निघत नाही, पाण्याने घासून पाहिली, थांबले. तिला दुखत असेल.
अर्बाबचा निरोप : असरच्या नमाजानंतर, चारपर्यंत पोचतो.
आईंनी फ्रिजमधली उरलेली पोळी ताटलीत काढून हौदाच्या पायरीवर ठेवली. डॉक्टरांना दाखवायला. सतीशने उचलून आत नेली. आईंनी पुन्हा आणली. मग सतीश गेटपाशी जाऊन उभा राहिला.
अझान झाली. मरजान अजून ओरडतेय.
ताटली पायरीवर आहे. मी तिथून दोन पावलांवर.
अजून उचललेली नाही.