हिरवा ठिपका

ती. आईस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? बाबा फिरायला जातात, की नुसतं 'जातो' म्हणतात? मी मजेत आहे. हेब्बाळला आता स्वल्प थंडी पडलीय.

परवा तू समोरच्या अमीनाची चौकशी केलीस आणि मी विषय बदलला. म्हणून लिहितेय.

सुदानहून नर्सिंग शिकायला आलेली ती पोर. तू इथे आली होतीस तेव्हा एकमेकींची भाषा येत नसूनही तुम्ही दोघी तासन्‌तास बसायचात. तिची वाटी परत करताना तू तीत चमचाभर साखर घातलीस आणि रिकामं भांडं द्यायचं नसतं, हे तिला खुणांनी शिकवलंस.

तू गेल्यावर तिने तुझा लाडवांचा डबा परत आणला. आत करंज्यांसारखं काहीतरी होतं. यात काय घातलं असेल कोण जाणे, म्हणून मी न विचारता, न चाखता सगळं ओल्या कचऱ्यात टाकलं. वर तिला सांगितलं, छान झालं होतं. सकाळी दारातली कचऱ्याची बादली कुत्र्याने उलटवलेली, तिने दिलेलं सगळं बाहेर सांडलेलं, आणि अमीना तिथूनच गेली. "गुड मॉर्निंग, अक्का," एवढंच म्हणाली.

मला घर भाड्याने देताना घरमालकीणबाईंनी "तुम्ही काय काय खाता?" विचारलं, तेव्हा केवढी चिडले होते मी!

काल राहवेना म्हणून त्याच डब्यातून तिला शिरा दिला. आज डबा परत आला, घासून लख्ख. आत बिस्किटांचा सीलबंद पुडा, हिरवा ठिपका वर येईल असा ठेवलेला.

आई, आता या डब्यात मी काय घालून देऊ?

तुझीच,
केतकी