ज्येष्ठातलं चैत्रांगण

आई, परवा माझी नात कॉलेजच्या अर्जाला काय काय जोडत बसली होती. मागितलं होतं त्याच्या दुप्पट! मला हसूच फुटलं. म्हटलं, अगं, तुझी पणजी याहून आगाऊ होती.

तेव्हा आपण मुलुंडला होतो आणि मी नुकती मॅट्रिक झाले होते. चित्रकलेच्या कॉलेजात जायचा हट्ट धरला, तेव्हा अप्पांनी एकच वर्ष दिलं. ‘यंदा नाव लागलं तर ठीक, नाहीतर चित्रं पुरे, स्थळं बघायला घेतो.’ कॉलेजने पेन्सिलची चित्रं मागवली होती. तू ती उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालीस, ‘बरी आहेत गं. पण तुझं चैत्रांगण कुठाय?’ मी म्हटलं, आई, अंगणातली रांगोळी अर्जाला कशी जोडणार? ‘का? त्यांच्याकडे अंगण नाही का?’ बरं, चैत्रांगण काढायचं ते गौर माहेरी असते तोवरच. अक्षय्यतृतीया उलटली की तू एक रेघ काढू द्यायची नाहीस, आणि आता तर ज्येष्ठ लागला होता. ‘गौरीला मी सांगेन काय ते,’ म्हणालीस. आणि रांगोळीचा डबा घेऊन माझ्याआधी निघालीस.

कॉलेजच्या व्हरांड्यात मी उकिडवी बसले आहे, तू रांगोळीचा डबा धरून उभी. कारकून धावत येतो. ‘अहो बाई, हे काय चालवलंय? अर्जासोबत आम्ही फक्त कागद घेतो!’

‘कागदावर मावत नाही हो. जरा बाजूला व्हा, हत्तीवर पाय पडेल.’

आणि तो मुकाट बाजूला होतो! पोस्टात जायचं तरी शेजारणीला सोबत नेणारी तू, कुठून आणलंस गं हे बळ? माझ्या चिमटीतून रेघ सरळ सुटते आहे. झोपाळ्यातली गौर, चंद्र, सूर्य, शंख, गाईची पावलं, सगळं आपापल्या जागी येऊन बसतं आहे.

मोठे सर बाहेर आले, बूट काढून कडेकडेने फिरले. मग म्हणाले, ‘हिला घेतलं. हे असंच राहू द्या, फोटोवाल्याला बोलावतो.’ ते आत जाऊन परत येईपर्यंत तू खाली बसून सगळं हाताने पुसून टाकलं होतंस. ‘गौर पायदळी येईल,’ एवढंच म्हणालीस आणि हात झटकलेस. धन्य तुझी, आई! पुढे मोठमोठी माणसं पाहिली मी, पण इतकं दिपून कुणाकडे बघितलं नाही.

हे पत्र काही टपालात पडायचं नाही, म्हणून सांगते. जन्मभर चित्रं काढली, लोकांनी भिंतींवर लावली, कौतुक केलं. पण तू पुसलंस त्या चैत्रांगणासारखं पुन्हा एकदाही माझ्या हातून काही उतरलं नाही.