पिंपातला रातोमिर

सोमवार, ४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बस वरपर्यंत येत नाही, म्हणून शेवटचा चढ ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, बटाट्यांच्या पोत्यांवर बसून आले. नोवी सादच्या विद्यापीठात खुर्ची झिजवून झाल्यावर ही हवा म्हणजे चंगळच. अंगणात मोठाल्या कढयांत आलुबुखाराचा मुरांबा रटरटत होता. तो ढवळणारे गडी हाच माझ्या प्रबंधाचा विषय. एकेकाळी सुईवर जगलेले, चोऱ्या केलेले, तुरुंग पाहून आलेले. व्यसन सुटल्यावर माणूस आपल्याच जुन्या रूपाबद्दल कसं बोलतो, एवढंच मला ऐकायचंय. हे व्यसनमुक्तीचं घर चालवणारे विटोमिरकाकाही त्यातूनच आलेले. दात थोडे, हसू भरपूर. मी रेकॉर्डर काढायला लागले तर म्हणाले, "पोरी, आधी जेव. मग आमचं डोकं खा."

मंगळवार, ५ ऑक्टोबर

पहिली मुलाखत रातोमिरची. तिशीतला, लांबुडका, बोलका. सुयांचे जुने व्रण पांढरे पडलेत. त्याने हसत हसत सांगितलं, की ज्लाटान नावाचा मित्र सुई टोचून घेतल्यावर लिफ्टमध्येच कोसळला, तेव्हा 'त्याने' ज्लाटानच्या पायांतले नवे बूट काढले, स्वतः घातले आणि निघून गेला. सगळीकडे 'तो'. 'मी' एकदाही नाही. का, म्हणून विचारलं तर अंगणापलीकडच्या शेडकडे बोट दाखवलं. "तो तिकडे राहतो, मास्तरीणबाई. माझं नि त्याचं फक्त नाव एक."

इथे आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला खारट, कोमट दह्याचं पाणी पाजतात आणि त्या शेडमधल्या एका जुन्या पिंपात ओकायला लावतात. जे बाहेर पडतं, तो 'तो'. नंतर त्याच्या करणीबद्दल 'मी' म्हणायचं नाही, असा काकांचा नियम. माझं एक अख्खं प्रकरण उभं राहील यावर! फक्त हे लोक मुरांब्याचा डाव चाटून परत कढईत बुडवतात, तेवढं बघवत नाही.

बुधवार, ६ ऑक्टोबर

पिंप पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. सकाळची कॉफी झाली की एकेक जण झाकण उचलून आत थुंकतो. का, तर आतले उपाशी राहू नयेत. नासलेलं दूध, रक्त आणि न धुतलेल्या तोंडाचा वास. वर पिवळी, जाड साय. तिला कोणी हात लावला नव्हता. तरी रातोमिर पिंपाला वळसा घालून गेला, तेव्हा सायीखालचा एक उंचवटा त्याच्या बाजूने सरकत गेला. आंबवण होतं, वायू धरतो, असं मी स्वतःला समजावलं. न्याहारी तशीच टाकून उठले.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

आज मी हट्टाला पेटले. रातोमिरला म्हटलं, एकदाच 'मी' म्हणून सांग. तो म्हणाला, काका मारतील. एवढा बाप्या माणूस आणि काकांना घाबरतोस, असं मी टोचलं. बराच वेळ ओठ चाटत बसला. मग म्हणाला, "मी त्याचे बूट काढले. तो अजून श्वास घेत होता. मोजे गरम होते."

आणि तोंडाला पाणी सुटावं तसा आवंढे गिळायला लागला. हनुवटीवरून लाळ टेबलावर ओघळली. मला शिसारी आली. आणि आनंदही झाला, कारण इतकी चांगली मुलाखत मला आजवर मिळाली नव्हती. तोंड वाकडं न करता मी ती लाळ फडक्याने पुसली.

शनिवार, ९ ऑक्टोबर

भर दुपारी आरडाओरडा. रातोमिर पिंपावर ओणवा होऊन ओंजळीने पीत होता. साय ओठांना चिकटलेली. बाकीचे नुसते बघत उभे. काकांनी त्याला मागे ओढलं आणि माझ्यावर ओरडले, "काय वदवलंस गं त्याच्याकडून?"

हातांवरचे पांढरे व्रण उघडले होते. ओले, पिवळ्या कडांचे, जणू कालच सुई लागलीय. मग तो निळा पडला. श्वास थांबला. मी नाक दाबून तोंडाला तोंड लावलं, शिकवलंय तसं. फुंकर मारली. पुन्हा मारली. तर त्याच्या आतूनच उलटी फुंकर आली. कोमट, घट्ट, तारा सुटलेलं काहीतरी. थुंकायला हवं होतं. गिळलं गेलं.

अँब्युलन्स आली तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, आमचा रातोमिर गेला, दुसरा तुझ्यात शिरलाय. खारट पाणी पी, आजच्या आज. मी त्यांना वेड्यात काढलं.

रविवार, १० ऑक्टोबर

दात घासून हिरड्या रक्ताळल्या. चव जात नाही. जिभेवर साय आहे, खरवडली तरी पुन्हा धरते.

ती लिफ्ट आठवते. पाचव्या मजल्याचं बटण कोणीतरी लायटरने वितळवलेलं. हे रातोमिर बोलला नव्हता. मुलाखत पुन्हा ऐकली, कुठेच नाही. मोजे गरम — माझ्या बोटांना माहीत आहे.

सोमवार, ११ ऑक्टोबर

पळाले. खाली गावात जाऊन घरचं तिकीट काढायचं होतं. उभी होते औषधांच्या दुकानात. काउंटरवरच्या म्हातारीला सांगत होते, आईला कॅन्सर आहे, चिठ्ठी हरवली, वेदना बघवत नाहीत हो — रडतही होते. झकास रडत होते. माझी आई ठणठणीत आहे. म्हातारीचे डोळे भरले, ती आत वळली, आणि माझा हात तिच्या पर्समध्ये —

धावत सुटले. किळस येते त्या रडण्याची. पण सकाळी आली होती तेवढी आता येत नाही. त्याचीच भीती —

वर परत आले. दुसरीकडे कुठे ओकणार?

मंगळवार, १२ ऑक्टोबर

पिंपाशी बसलेय. काका पाणी कोमट करतायत. वही सोडू नकोस, म्हणाले, नाव लिहीत राहा, म्हणजे तू आतच राहशील. नेवेना. नेवेना. आई नोवी सादला, बागेतल्या खुर्चीत — नाही, आई स्मेदेरेवोला, तिचे पाय सुजलेले — ती त्याची. त्याची!

विचारलं, चुकून मीच बाहेर पडले तर? काकांनी पेला माझ्या हातात दिला.

प्यायले. खारट. सायीखाली सगळे माझ्याच बाजूला गोळा —

येतंय वर. आईचा आवाज, शाळेचा रस्ता, स्वयंपाकघरातला दिवा, सगळं घशाशी — काका, हा तो नाही, हे माझं आहे — दातांनी धरलंय — तोंड उघड म्हणतायत, पाठ चोळतायत —

सुटलं. हलकं वाटतंय. नाव लिही म्हणतायत. लिहितोय —