दोन हिसके

लोद
रविवार, २६ मे २००२

प्रिय जेरुशाताई,

शालोम. आम्ही दोघं खुशाल आहोत. सुझॅनचा गुडघा कुरकुरतोच आहे. कुपात होलीमचा, म्हणजे सरकारी दवाखान्याचा, डॉक्टर वजन उतरवा म्हणतो आणि ही त्याच्यावरच फुगून बसते. तुझ्या शिरीच्या लग्नाची पत्रिका पोचली. तरी भावाचा, या नेहेम्याचा, फोन नाही म्हणून तू तणतणत असशील, आणि तणतणायचा तुला हक्क आहे.

फोन तीनदा केला. तू 'हॅलो' म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तो मीच होतो. म्हणून आता हे पत्र, तेही मराठीत. आपल्या पोरांना मराठी वाचता येत नाही याचं एरवी मला वाईट वाटतं, आज बरं वाटतंय.

तू लिहिलंस की खुप्प्याखाली, लग्नाच्या मांडवात, बिन्यामिनभावोजींच्या जागी मामाने उभं राहायचं. त्याबद्दलच लिहायचंय, पण आडवळणाने येतो, सांभाळून घे.

क्लबच्या तळ्यावर मी अजून कामाला जातो, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पेताह तिक्वाला बस बदलून. सुझॅन म्हणते, जिथे घरचं माणूस गेलं तिथे पुन्हा पुन्हा काय जाता? काम तेच आहे. पाण्याखाली लांब तार, तिला आडव्या नळ्या, नळ्यांच्या टोकांना लाल गोळे. धक्क्यावरचं विंच फिरवलं की तार ताणते आणि गोळे वर येतात. मोटरबोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरणारी मंडळी त्यांना वळसे घालतात. खेळ संपला की विंच सोडायचं, सगळं पुन्हा तळाशी. गळ टाकणाऱ्यांना एरवी तळं मोकळं हवं, म्हणून ही उठाठेव.

पहिले दोन गोळे नीट येतात. तिसऱ्याला हँडलमध्ये दोन हिसके बसतात. दर वेळी. तेव्हा पाण्यात बोट नसते, वाराही नसतो. क्लबात शिकवणाऱ्या अवीवला मी हँडल धरायला लावलं. "एन क्लूम," म्हणाला, म्हणजे काही नाही. मग माझ्या पाठीवर थोपटून गेला. सहा वर्षं हे चाललंय. मी फार भ्यालोय, ताई.

भावोजी गेले त्या दिवशी ते विंच घसरलं नव्हतं.

तार बसवायच्या दिवशी तिसरी नळी चिखलात रुतली. अवीव बोट आणायला पलीकडच्या काठावर गेला होता. भावोजी थांबायला तयार नव्हते, शुक्रवार होता, शब्बाथचे दिवे लावायच्या आत घरी पोचायचं होतं. कमरेला दोरी बांधून ते खाली गेले. दोरीचं टोक माझ्या डाव्या हातात, उजवा हात विंचवर. सकाळीच अवीवने आम्हा दोघांकडून घोकून घेतलं होतं, एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे तार वर ओढ. आपल्या रेवदंड्याच्या खाडीत उलटं. कोळ्यांबरोबर जाळं ओढताना दोन हिसके म्हणजे सैल सोड. ते मला लहानपणी भावोजींनीच शिकवलेलं.

दोन हिसके आले. मी मनात म्हटलं, अवीवचं शास्त्र आज सकाळचं, खाडी चाळीस वर्षांची. पाण्याखाली अडकलेला माणूस आपलीच खूण करणार. मी विंच सोडलं.

भावोजींनी अवीवचं ऐकलं होतं. त्यांचा पाय नळीखाली होता. तार वर ओढली असती तर सुटले असते. मी ती सगळी त्यांच्या अंगावर घातली. मग वेड्यासारखं हँडल फिरवत राहिलो, आणि तिसऱ्या गोळ्याबरोबर ते वर आले.

पोलिसांना सांगितलं, विंचचे दात घसरले. तुझ्या गळ्यात पडून तुलाही तेच सांगितलं. विंच तपासलं होतं आमच्याबरोबर क्लबात कामाला असलेल्या नाथानने. त्याचं काम गेलं. सुतकाच्या सातव्या दिवशी तो तुला भेटायला आला आणि तू त्याला दारातूनच घालवलंस. मी आत बसून ऐकत होतो.

काल शब्बाथला सिनेगॉगच्या पायरीवर नाथानला गाठून सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ठाऊक होतं रे. मी तपासलेलं विंच घसरत नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"त्या बाईचा नवरा गेलेला. भाऊ पण मीच घालवू काय?"

त्यानंतर तो घरी गेला. मी तिथेच बसून रडलो. सुझॅनला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला.

लग्नाचं बोलावणं नाथानला धाड, तू स्वतः. माझी पत्रिका परत मागितलीस तर पाठवून देईन, एक शब्द बोलणार नाही. आणि शिरीजवळ उभा राहिलोच, तर तुला हे सगळं ठाऊक असताना राहीन.

नाथानने तुझ्यासाठी राखलेला भाऊ,
नेहेम्या